दोन हँडल आणि एक छर्रा

फौजेतला मेळा ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. दिवाळीच्या आगेमागे छावणीच्या मैदानात शामियाने लागतात, प्रत्येक युनिटला एकेक स्टॉल मिळतो आणि दरवर्षी स्टॉल साधारण तेच असतात. एकाकडे छोले-भटुरे, एकाकडे मोमो, एकाकडे रिंग टाकून साबण जिंकायचा, एकाकडे चेंडू मारून ग्लासांचा मनोरा पाडायचा आणि संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तंबोला. वीस-बावीस वर्षांत राजस्थानपासून अरुणाचलपर्यंत मी हे इतक्यांदा पाहिलंय की रिंग कुठल्या साबणाला अडकणार हेही आता दुरून सांगता येतं.

सध्याचं पोस्टिंग डुआर्समध्ये आहे. डुआर्स म्हणजे तिस्तेच्या पूर्वेला, भूतानच्या डोंगरांच्या पायथ्याशी पसरलेला चहामळ्यांचा पट्टा. युनिट आणि छावणी लिहीत नाही, कारण जुन्या वाचकांना ठाऊक आहे. इथे पाऊस मुबलक, जळवा मुबलक आणि रात्री कधी कधी हत्ती कुंपण ओलांडून रेशनच्या वासावर येतात. आमचं युनिट ईएमईचं, म्हणजे गाड्या, तोफा, शस्त्रं दुरुस्त करणाऱ्यांचं. इन्फन्ट्रीतल्या शिपायाला आमच्याकडे क्राफ्ट्समन म्हणतात. हा नुसता लाडाचा शब्द नव्हे, ती अधिकृत रँक आहे.

तर मेळ्याच्या कॉन्फरन्समध्ये आमचे सीओसाहेब एवढंच म्हणाले, "आपण कारागिरांचं युनिट. या वेळी साबण नको. काहीतरी बनवा." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. युनिटात टूआयसी असण्याचा हा अर्थ असतो.

माझ्या डोक्यात एक खेळ बरेच दिवस होता. १९८३ मध्ये तैतो या जपानी कंपनीने 'आइस कोल्ड बिअर' नावाचं एक यंत्र काढलं होतं. व्हिडिओ गेमची लाट जोरात होती त्या काळात या यंत्राला पडदाच नव्हता. एक उभी फळी, तिच्यात भोकं, फळीसमोर एक आडवा दांडा आणि दांड्यावर एक धातूचा गोळा. दांड्याची दोन टोकं दोन वेगवेगळ्या जॉयस्टिकने वरखाली होतात. नुकतं एक टोक उचललं की गोळा घरंगळत दुसऱ्या टोकाला जातो. चुकीच्या भोकांना चुकवत तो नेमक्या भोकापर्यंत वर न्यायचा. याचीच डोंगर चढण्याची आवृत्ती 'झीक्स पीक' नावाने निघाली होती. मूळ यंत्रात मोटरी होत्या. मी मोटरी काढून टाकल्या आणि दोन हाताने फिरवायची हँडल ठेवली. मेळ्यात वीज कधी जाईल ते कुणी सांगावं? नावातली बिअरही काढली. कुटुंबांचा मेळा आहे. आमच्या खेळाचं नाव ठेवलं 'चढाई'.

नाव ठरल्यावर सुभेदार मेजर साहेबांनी एक रास्त शंका काढली. "साब, ये जुआ तो नहीं माना जाएगा?" पैसे घ्यायचे, गोळा सोडायचा, बक्षीस द्यायचं. छावणीत असल्या गोष्टींना जपावं लागतं.

त्यांना मी न्यूयॉर्कची हकीगत सांगितली. आपल्यापैकी चाळिशीच्या पुढच्यांनी मे महिन्याच्या सुट्टीत बॅगाटेल खेळलंय. खिळे ठोकलेली उतरती फळी, स्प्रिंगचा दट्ट्या आणि गोट्या. पिनबॉल हा त्याच बॅगाटेलचा मोठा भाऊ. सुरुवातीच्या यंत्रांत गोळी एकदा सुटली की खेळणाऱ्याच्या हातात काही नसे, म्हणून १९४२ मध्ये न्यूयॉर्कने पिनबॉलला जुगार ठरवून बंदी घातली. पोलिसांनी यंत्रं हातोड्यांनी फोडली. पुढे १९४७ मध्ये फ्लिपर आले, म्हणजे गोळीला परत वर मारणारे पंजे, आणि खेळ हाताच्या कौशल्याचा झाला. पण बंदी तशीच राहिली. १९७६ मध्ये रॉजर शार्प नावाच्या पत्रकाराने नगर परिषदेच्या सभासदांसमोर यंत्र लावून आधी सांगितलं की आता गोळी मधल्या वाटेने जाईल, मग दट्ट्या ओढला, आणि गोळी मधल्या वाटेने गेली. बंदी उठली.

सुभेदार मेजर साहेबांनी विचार केला. "मतलब पहले बोलना है, फिर करना है." बरोबर. आधी बोलून मग तसंच करून दाखवता येतं ते कौशल्य. व्याख्या मला पटली आणि स्टॉल मंजूर झाला.

आता थोडं गणित, कारण या ब्लॉगवर ईएमईवाले बरेच येतात आणि नाही सांगितलं तर फोन करतात.

फळी ६०० बाय ९०० मिलिमीटर. दांडा ५६० मिलिमीटर लांब, १६ मिलिमीटर जाडीचा, पॉलिश केलेल्या स्टीलचा. त्यावर बेअरिंगचा एक इंची छर्रा, वजन जवळपास ६७ ग्रॅम. दांड्याचं एक टोक १० मिलिमीटर उचललं की उतार होतो जेमतेम एक अंशाचा. डोळ्याला तो दिसतही नाही. पण भरीव गोळा घसरत नाही, लोळतो, आणि लोळताना त्याचा प्रवेग उतारावरच्या नुसत्या घसरण्याच्या पाच सप्तमांश असतो. घर्षण सोडून हिशोब केला तर एवढ्याशा उतारावर छर्रा दांड्याच्या मध्यापासून टोकापर्यंत सुमारे दोन सेकंदांत पोहोचतो. म्हणजे खेळणाऱ्याकडे दोन सेकंद. त्यात त्याने दुसरं हँडल फिरवून उतार उलटवायचा. पण तोपर्यंत छर्र्याने वेग घेतलेला असतो, त्यामुळे तो लगेच थांबत नाही. लोक नेहमी छर्रा जिथे आहे ते पाहून हँडल फिरवतात आणि हरतात. तो कुठे असणार आहे ते पाहून फिरवावं लागतं. तोफखान्यातल्या मित्रांना हे समजावून सांगायची गरज नाही.

दोऱ्या वरच्या पुलीवरून खाली दोन फिरक्यांवर येतात. फिरकीचा व्यास ४० ठेवला तर एका फेऱ्यात दांडा १२६ मिलिमीटर चढतो, २५ ठेवला तर ७९. माझ्याकडे घरी एक छोटं सीएनसी आहे, टेबलावर मावणारं, ज्यावर जेमतेम वहीच्या पानाएवढा तुकडा कापता येतो. त्यावर तीन मापांच्या फिरक्या कापून पाहिल्या. कॉम्प्युटरवर कापण्याचा खरा फायदा हा. आकडा बदलायचा आणि परत कापायचं. २५ ची फिरकी मुलांच्या हातांना बरी पडली. दांडा स्वतःच्या वजनाने खाली येऊ नये म्हणून प्रत्येक हँडलच्या मागे चामड्याची चकती दाबून बसवली.

मोठी फळी मात्र घरच्या यंत्रावर होण्यासारखी नव्हती. त्यासाठी सिलिगुडी गाठायला हवं होतं, आणि मी एकटा जाणार नव्हतो.

इथे आमच्या उस्तादांची ओळख करून द्यायला हवी. हवालदार, फिटर, कोल्हापूरजवळच्या एका गावातले. फौजेत शिकवणाऱ्याला उस्ताद म्हणतात. एनडीएत आम्हाला ड्रिल शिकवणारेही उस्तादच होते. हे काही वर्षं सिकंदराबादला ट्रेनिंग बटालियनमध्ये नव्या पोरांना फाइल चालवायला शिकवत होते, तेव्हापासून ते सगळ्यांचेच उस्ताद. ते आणि मी एकाच वर्षी फौजेत आलो. मी एनडीएच्या लेखी परीक्षेतून, ते भरतीच्या मैदानावर धावून. वयात दोन-चार महिन्यांचा फरक. येत्या जानेवारीत त्यांची नोकरी पूर्ण होत होती. माझी अजून काही वर्षं शिल्लक आहेत. हा फरक फौजेत सगळ्यांना माहीत असतो आणि कुणी त्यावर बोलत नाही.

उस्तादांना सीएनसीचा राग होता. उघड नव्हे. माझ्या टेबलावरच्या यंत्राकडे ते पाहुण्यांच्या कुत्र्याकडे पाहावं तसे पाहत.

"साहेब, ह्यात माणसाचं काम काय उरलं?" एकदा त्यांनी विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही. त्यापेक्षा त्यांना सिलिगुडीला घेऊन गेलो.

मंडळी, आजकाल भारतातल्या कुठल्याही मध्यम शहरात फर्निचरच्या बाजारात जा, चार बाय आठ फुटांचा सीएनसी राऊटर सापडतोच. त्यावर देवघरांच्या जाळ्या, दारांवरचे मोर आणि गणपती कापले जातात. सिलिगुडीतही तसंच एक दुकान. चालवणारा विशीतला पोरगा, कूचबिहारकडचा, कानात इअरफोन. मी पेन ड्राइव्हवर ड्रॉइंग दिलं. ते त्याने पाहिलं, भोकं मोजली आणि विचारलं, "किस भगवान का है?"

प्लायवूड आम्ही ७१० प्रतीचं घेतलं, ज्याला बाजारात मरीन प्लाय म्हणतात. ३०३ ची साधी प्लाय स्वस्त पडते, पण डुआर्सच्या दमट हवेत तिचा भरवसा नाही. उस्तादांनी खिशातून व्हर्नियर काढलं आणि शीट चार कोपऱ्यांवर मोजलं. दुकानदार १२ मिलिमीटर म्हणत होता, व्हर्नियर ११.४ म्हणत होतं. फळीमागच्या चौकटीचे सांधे खाचांमध्ये बसणार होते. १२ ची खाच आणि ११.४ ची प्लाय म्हणजे सांधा खुळखुळणार. पोराने सॉफ्टवेअरमध्ये आकडा बदलला. सहा मिलिमीटरचं कटर गोल फिरतं, म्हणून आतल्या कोपऱ्याला तीन मिलिमीटरची गोलाई राहते आणि चौकोनी तुकडा त्यात पूर्ण बसत नाही. ते कोपरे पटाशीने काढायचे ठरलं. पटाशीचं नाव निघाल्यावर उस्ताद जरा खुलले.

मशीन सुरू झालं. पहिली चार-पाच भोकं झाली असतील. उस्ताद यंत्राकडे पाहतही नव्हते. मान तिरकी करून उभे होते.

"हे रडतंय साहेब," ते म्हणाले.

मला एकसारखी किंचाळी ऐकू येत होती. पोराला इअरफोनमुळे तेही नाही. उस्तादांनी यंत्राखाली पडलेला भुसा चिमटीत घेतला, बोटांत चोळला, नाकाशी नेला. पीठ झालं होतं आणि जळका वास होता. "दाताला खायला मिळत नाही. नुसतं घासतंय. जोरात चालवायला सांगा."

पोराला मी सांगितलं. त्याला वाटलं आम्ही थट्टा करतोय, कारण कटर तापलं की नवशिका माणूस वेग कमी करतो. पण हिशोब उस्तादांच्या बाजूने होता. कटर मिनिटाला १८,००० फेरे घेत होतं, दात दोन. प्रत्येक दाताला दहावा भाग मिलिमीटर लाकूड मिळायला हवं असेल तर यंत्राने मिनिटाला ३,६०० मिलिमीटर पुढे सरकायला हवं. पडद्यावर १,२०० होतं. म्हणजे प्रत्येक दात ठरलेल्या घासाच्या तिसऱ्या हिश्श्यावर जगत होता. पोराने वेग वाढवत नेला, आवाज खाली उतरला, भरदार झाला, आणि पिठाच्या जागी कीस पडू लागला.

उस्तादांनी कीस तळहातावर घेऊन त्याच्यासमोर धरला. "आता जेवतंय बघ." पोराने इअरफोन काढून खिशात ठेवले. पुढचा अर्धा तास तो उस्तादांना एकेक कटर दाखवत होता आणि उस्ताद दातांवरून अंगठा फिरवून कुठलं ठेवायचं, कुठलं टाकायचं ते सांगत होते. एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला बांगला. दोघांची हिंदी बेताची. काही अडलं नाही.

परतताना सेवोकला कोरोनेशन पुलाशी गाडी थांबवून चहा घेतला. तिस्तेवरचा हा कमानीचा पूल १९४१ मधला, स्थानिक लोक त्याला बाघपूल म्हणतात. खाली हिरवं पाणी, वर माकडं. तिथे उस्ताद आपणहून बोलले.

"भावानं बँकेत गार्डची जागा बघून ठेवलीय साहेब. जानेवारीत गेलो की फेब्रुवारीत हजर व्हायचं."

"तुमच्या मनात काय आहे?"

"मनात काय असायचं. मागच्या सुट्टीत उद्यमनगरात एका कारखान्यात गेलो होतो. मालकानं बसवलं, चहा दिला. फौजी आहात म्हणाला, मान दिला. मग विचारलं, सीएनसी येतं का? नाही म्हणालो. म्हणाला, मग गेटवर जागा आहे." त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "सव्वीस वर्षं ह्या हातांनी काम केलं. आता ते मागं बांधून गेटवर उभं राहायचं."

ज्यांना कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर माहीत आहे त्यांना या वाक्याची धार कळेल. ऑइल इंजिनं आणि बीडाचं ओतकाम यांवर वाढलेली ती वस्ती, जिथे गल्लीगल्लीत लेथ फिरतात. फिटरला त्या गावात गेटवर उभं करणं म्हणजे पंढरपुरात टाळकऱ्याला देवळाबाहेर चपला सांभाळायला बसवणं. गार्डची नोकरी कमी प्रतीची आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. माझ्या ओळखीचे कितीतरी चांगले जवान ती इमानाने करताहेत. प्रश्न एवढाच की ज्या माणसाला कटरचं रडणं ऐकू येतं, त्याचे कान गेटवर काय ऐकणार?

पुढच्या रविवारी उस्तादांना क्वार्टरवर बोलावलं आणि लॅपटॉप समोर ठेवला. फ्रीकॅड नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात ड्रॉइंग करायचं. मग जी-कोड, म्हणजे यंत्राला कळणारी भाषा. ती दिसते अवघड, पण तिची मुळाक्षरं चार. जी शून्य म्हणजे हवेतून पळ. जी एक म्हणजे सरळ काप. जी दोन म्हणजे घड्याळाच्या दिशेने गोल काप, जी तीन म्हणजे उलट गोल. उस्ताद म्हणाले, "ही तर ड्रिल आहे साहेब. दाहिने मुड, बाये मुड."

त्यांना मी या यंत्राचा जन्मही सांगितला. अमेरिकेत जॉन पार्सन्स नावाचा माणूस हेलिकॉप्टरची पाती बनवत असे. पात्याचा वक्राकार आडवा छेद हाताने नेमका उतरत नव्हता, तेव्हा त्याने वक्रावरच्या बिंदूंचे आकडे काढले आणि कारागिरांना एकेका आकड्यावर यंत्र नेऊन कापायला लावलं. एक जण आकडा वाचणार, दोघं चाकं फिरवणार. तिथून कल्पना निघाली की आकडा यंत्रालाच वाचू द्यावा. अमेरिकी हवाई दलाने पैसे दिले आणि १९५२ मध्ये एमआयटीत पहिलं आकड्यांवर चालणारं मिलिंग मशीन जगाला दाखवलं गेलं. म्हणजे हे यंत्र मूळचं फौजेच्या खर्चानेच वाढलेलं.

"म्हंजे आधी माणसंच हँडल फिरवत होती," उस्ताद म्हणाले.

"दोन माणसं. दोन हँडल. आपल्या खेळासारखीच."

ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले.

फळी उभी राहिली तेव्हा खरं काम सुरू झालं. या खेळात एक माप असं आहे जे कुठल्या सूत्रातून सुखाने निघत नाही. दांडा आणि फळी यांच्यातली फट. ते माप मी ड्रॉइंगमध्ये मुद्दाम रिकामं ठेवलं होतं. दांड्याच्या दोन्ही टोकांवर नायलॉनच्या चकत्या फळीवर टेकून फिरतात, चकतीचा व्यास जेवढा मोठा तेवढी फट मोठी. फट लहान असेल तर छर्र्याचा मध्य दांड्याच्या मध्यापेक्षा पुढे येतो आणि जरा धक्का लागला की छर्रा पुढे उडी मारून खेळणाऱ्याच्या पायावर पडतो. फट मोठी असेल तर तो फळीला रेलून घासत चालतो, खेळ मरतो. त्यात फळी मागे किती कलवली आहे, आणि पावसाळी हवेने प्लायला किती पोट आलंय, हेही मिसळलेलं. फळी ८ अंश मागे कलवली, मागून पट्ट्या मारून पोट धरलं, आणि २०, २४, २८ अशा तीन व्यासांच्या चकत्या कापल्या. फट अनुक्रमे २, ४, ६ मिलिमीटर.

उस्तादांनी तीनही लावून पाहिल्या. हँडल धरताना डोळे मिटले होते. दोरीतून छर्र्याची थरथर हातात येते, ती ते वाचत होते. वर्कशॉपमधली दहा-बारा पोरं भोवती गप्प उभी.

"वीसवर छर्रा घाबरतोय," ते म्हणाले. "अठ्ठावीसवर आळसावतोय. चोवीसवर शहाणा आहे."

मी लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला. त्या रिकाम्या चौकटीत त्यांनी एका बोटाने २ दाबला, मग ४. फाइल सेव्ह केली. आता ती फाइल घेऊन कुणीही, कुठेही, कितीही फळ्या कापू शकतो आणि प्रत्येक फळीवर छर्रा शहाणाच वागेल. ह्यात माणसाचं काम काय उरलं, हा त्यांचा प्रश्न होता. माझं उत्तर त्या चौकटीत होतं. यंत्राला चोवीस पाळता येतात. चोवीस ठरवायला कुणीतरी सव्वीस वर्षं फाइल चालवलेली लागते.

मेळ्याचं थोडक्यात. फळीवर पोरांनी बर्फाचा डोंगर रंगवला, चुकीची भोकं म्हणजे हिमभेगा, सात बरोबर भोकं म्हणजे सात कॅम्प. वीस रुपयांत तीन छर्रे. एकट्याने खेळा किंवा जोडीने, एकेक हँडल धरून. जोडीची रांग लांब झाली, कारण बघणाऱ्यांची करमणूक त्यातच होती. डाव्या हँडलवर सीओसाहेब आणि उजव्यावर सुभेदार मेजर साहेब, दोघांची मिळून पन्नासच्या वर वर्षांची नोकरी, तिसऱ्या कॅम्पच्या वर गेले नाहीत. दोघंही एकमेकांच्या अदबीत. आधी आपण, नाही साहेब आधी आपण, तोवर छर्रा भेगेत. नवरा-बायकोच्या जोड्यांबद्दल लिहीत नाही, घरी वाचतात. पहिला सातवा कॅम्प गाठला स्वयंपाकघरातल्या एका मसालचीच्या दोन मुलींनी. मोठी दहाची, धाकटी सातची. दोघींनी शब्द न बोलता खेळ केला. धाकटीचा श्वास मात्र शेवटच्या कॅम्पपर्यंत बंद होता. त्या दिवशी स्टॉलमागे उस्ताद स्टुलावर बसून दोऱ्या बदलत होते आणि येणारा प्रत्येक क्राफ्ट्समन त्यांना विचारत होता, उस्ताद, फाइल मिळेल का?

डिसेंबरभर दर रविवारी ते येत राहिले. दुसऱ्या फळीचं ड्रॉइंग त्यांनी स्वतः केलं, हँडलमागचा ब्रॅकेट बदलून. सिलिगुडीला स्वतः गेले, बसने, पेन ड्राइव्ह रुमालात बांधून. जानेवारीच्या शेवटच्या दिवशी त्यांना बडाखाना झाला, हार घातले, गाडी फुलांनी सजवून दोरांनी ओढली. निघताना त्यांनी आपला पटाशीचा डबा एका तरुण क्राफ्ट्समनला दिला. व्हर्नियर दिलं नाही.

मार्चमध्ये फोन आला. उद्यमनगरातल्याच दुसऱ्या एका छोट्या शॉपमध्ये तीन महिन्यांच्या बोलीवर लागलेत. मालकाने सीएनसी येतं का विचारल्यावर त्यांनी हो किंवा नाही न म्हणता चालू मशीनजवळ जाऊन कान लावला आणि कटर बदलायला सांगितलं. पगार बँकेतल्या गार्डपेक्षा कमी आहे. धाकट्याची कॉलेजची फी आहे, घरात यावरून बोलणी झाली, भाऊ अजून रुसलेला आहे. पेन्शन पाठीशी आहे म्हणून हे परवडतंय, असं ते स्पष्ट म्हणाले.

"तीन महिन्यांनंतरचं तेव्हा बघू साहेब. आत्ता मशीनच्या आतल्या बाजूला आहे."

हे वाचणाऱ्यांत जे अजून वर्दीत आहेत आणि ज्यांची दोन-तीन वर्षं उरलीत, त्यांना एवढंच सांगेन की शेवटच्या सहा महिन्यांची वाट पाहू नका. पुनर्वसनाचे कोर्स आहेत, ते कराच. पण त्याआधी आपल्या हाताला काय येतं त्याची यादी करा आणि बाजारात त्याच कामाला आज काय नाव आहे ते शोधा. बहुतेक वेळा काम तेच असतं, नाव बदललेलं असतं. आणि जे अधिकारी वाचताय, त्यांना विनंती. तुमच्या युनिटात जानेवारीत किंवा जूनमध्ये कोण जाणार आहे त्याची नावं तुम्हाला माहीत असतात. एखाद्या रविवारी लॅपटॉप त्याच्यासमोर ठेवा.

मेळ्यानंतर अनेकांनी मापं मागितली होती. फळी ६०० बाय ९००, १२ ची मरीन प्लाय, पण आधी मोजा. भोकं ३२ मिलिमीटर. छर्रा एक इंच. दांडा १६ जाड, ५६० लांब. फिरकी २५. कलवणं ८ अंश. चकती २४, आणि ती बदलू नका. तो आकडा आमच्या उस्तादांचा आहे.

जय हिंद.